अकरा चड्ड्या

८ एप्रिल २०२५
बेळ्ळंदूर, बेंगळुरू

अप्पा,

'तीर्थरूप' लिहायला पेन टेकवलं आणि परत उचललं. नमस्कार मात्र करतो, तो खरा आहे.

शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही आईला घेऊन निपाणीची बस धरलीत, त्याला चार दिवस झाले. माझे फोन तुम्ही कट करताय. म्हणून पत्र. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस आलेलं टपाल न फोडता ठेवणार नाही, एवढं मला तुमच्याबद्दल नक्की माहीत आहे.

आई गच्चीवर जाऊन मला फोन करते. तिच्याकडून कळलं की तुम्ही गल्लीत सांगताय, सुनेनं अपमान करून घराबाहेर काढलं. तेव्हा जे झालं ते एकदा कागदावर लिहितो, म्हणजे पुढं कुणाच्या तोंडी ते बदलणार नाही.

शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता रंजिता देवनहळ्ळीला विमानतळावर ड्यूटीवर होती. आई खाली देवळात गेली होती. कावेरीनं तुमच्या अंथरुणावर शू केली. ती पावणेतीन वर्षांची आहे. तुम्ही तिची ओली चड्डी काढलीत, तिला तशीच बाल्कनीत उभं केलंत आणि काचेचं दार आतून लावलंत. समोरच्या इमारतीला चौदा मजले आहेत. फरशी तापलेली होती. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होतो. कॉल संपल्यावर बाहेर आलो आणि दार उघडलं. तुम्ही खुर्चीत पेपर वाचत होता. 'बघ, आता जन्मात करणार नाही,' एवढंच म्हणालात.

रंजिताला मी फोनवर सांगितलं. ती ड्यूटी अर्धी टाकून आली. ती ओरडली नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. ती म्हणाली, "मामा, या घरात कुणाची चड्डी काढून कुणाला उभं करायचं नाही. हे तुम्हाला मान्य असेल तरच इथं राहा." तुम्हाला मान्य नव्हतं. तुम्ही बॅग भरलीत. याला कुणी घराबाहेर काढणं म्हणत असेल तर म्हणू दे.

तुमची तक्रार अशी की पोरगी तीन वर्षांची होत आली तरी तिला कळत नाही, आणि जे सांगते तेही 'उच्चे' म्हणून कानडीत सांगते. आता रंजिताचं माहेर इथलंच, बेंगळुरूच्या चामराजपेटचं. तिच्या घरात चार पिढ्या मराठी बोलतात आणि चार पिढ्या 'उच्चे'च म्हणतात. नाव कावेरी ठेवलं तेव्हाही, कानडी मुलखातल्या नदीचं नाव म्हणून, तुम्ही दोन महिने बोलला नव्हता. शूला भाषा नसते, अप्पा. लागली हे तिनं सांगितलं, मला पुरेसं आहे.

तुमच्या डोळ्यांसमोर आमचा आठ दिवस जो गोंधळ चालला होता तो खरा आहे, नाकारत नाही. पाडव्याच्या दिवशी गुढीच्या पाटावर शू. रंजिताच्या लॅपटॉपच्या पिशवीत शू, आणि ती पिशवी घेऊन ती विमानतळापर्यंत गेली. बदकाच्या आकाराचं पॉटी आणलं तर त्यात तिनं कांदे भरून ठेवले. अकरा चड्ड्या आहेत, दुपारपर्यंत अकराही ओल्या असतात. सोफ्यावर प्लास्टिक, गादीवर प्लास्टिक, दर पाऊण तासानं मोबाइलचा गजर, आणि गजर झाला की ती पलंगाखाली जाते. आम्ही दोघं दमतो, एकमेकांवर खेकसतो. पण तिला बाहेर उभं करत नाही.

२ जूनपासून तिची प्लेस्कूल आहे. त्यांचा नियम आहे की मूल डायपरशिवाय आलं पाहिजे. मी सध्या रजेवर आहे, तोवर हे मी बघतो. आईला म्हणावं, गुडघ्याचं तेल इथंच राहिलंय.

संग्राम


१९ एप्रिल २०२५

अप्पा,

पत्र पोचलं, असं आईनं सांगितलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि मोडी वाचल्यासारखं तोंड केलंत, हेही सांगितलं. उत्तर आलेलं नाही. मी अपेक्षा केली नव्हती.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती, ती लिहितो. तुम्ही गेल्यापासून कावेरीनं शी धरून ठेवायला सुरुवात केली. शू होते, कुठंही होते, पण शी नाही. लागली की पडद्यामागं जाते, चवड्यांवर उभी राहते, पाय एकमेकांत अडकवते, लालभडक होते. आपण जवळ गेलो की म्हणते, "नाही आली. मी नाही केली." पहिले दोन दिवस आम्हाला वाटलं खाण्यात काही आलं असेल. चौथ्या दिवशी ती जेवेना. सहाव्या दिवशी दुपारी ती माझ्या गळ्याला मिठी मारून एक तास ओरडत होती, आणि जेव्हा झाली तेव्हा रक्ताचा डाग होता.

त्या दिवशी मी तिला ऑटोत घालून मुलांच्या डॉक्टरांकडे निघालो. रिंग रोडवर सिग्नलला पंचवीस मिनिटं अडकलो. आणि तिथं, बसच्या आणि टँकरच्या मधोमध, तिनं माझ्या मांडीवर शू केली. सीटवरून खाली ओघळ गेला. मी ऑटोवाल्याची माफी मागायला लागलो. साठीचा माणूस होता. त्यानं मागं वळून बघितलं आणि म्हणाला, "इरली सर, मगू अल्वा." असू द्या, लहान मूलच ना. सीटखालून फडकं काढून माझ्या हातात दिलं. सीट पुसून फडकं परत दिलं तेव्हा मला रडू येत होतं, आणि का ते मला कळत नव्हतं. मला वाटतं आता कळतंय. एखादा म्हातारा माणूस असंही म्हणू शकतो, हे मी पहिल्यांदा बघितलं.

डॉक्टरबाईंनी औषध दिलं, पातळ करण्याचं. म्हणाल्या, हा हट्ट नाही, भीती आहे. एकदा दुखलं की मूल अजून धरतं, धरलं की अजून दुखतं. जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, पायाखाली पाट ठेवा, झाली तर झाली, नाही तर नाही. विचारू नका, रागावू नका, लाच देऊ नका. मग त्यांनी विचारलं, तिला यावरून कुणी कडक शिक्षा केली होती का?

मी नाही म्हणालो.

रंजिता त्या वेळी बरोबर नव्हती. असती तर तिनं सांगितलं असतं. मी तुम्हाला वाचवलं, असं समजू नका. कुणाला वाचवलं ते मलाही अजून नीट लिहिता येत नाही.

बाल्कनीत ती पाऊल ठेवत नाही. आम्ही कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आत हॉलमध्ये बांधल्या. पाहुणे आले तर चड्ड्यांखालून वाकून सोफ्यावर बसतात. मला त्याची लाज वाटत नाही. कोण काय म्हणतं त्याची तर मुळीच नाही. हे तुम्ही मला शिकवलेलं नाही, मी आत्ता शिकतोय.

संग्राम


२ मे २०२५

अप्पा,

आज दोन खोट्या गोष्टी मागं घेतो.

पहिली. मी रजेवर नाही. रजा संपली होती. माझ्या मॅनेजरचं नाव प्रणीत, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. त्यानं व्हिडिओ कॉलवर विचारलं की अजून किती दिवस लागतील. मी म्हणालो, तिच्या हातात आहे. तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाला, घरी बाई ठेवा, सगळेच ठेवतात. रंजिताची शिफ्ट पहाटे पाचला सुरू होते, तिचं काम जमिनीवर उभं राहून सामान चढवून घेण्याचं, ते घरून होत नाही. माझं होतं, पण एका कानात हेडफोन आणि दुसऱ्या कानात पडद्यामागचं कण्हणं असं होत नाही. ३० एप्रिलला मी राजीनामा दिला. वर्षभर घरी राहणार. रंजिताशी बोलून दिला. तुमच्याशी बोललो नाही.

पोस्टाच्या कट्ट्यावर तुम्ही सांगत असता, पोरगा बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीत आहे. आता सांगा की पोरगा चड्ड्या धुतो. दिवसाला अकरा. आधी गार पाण्यात, मग साबण, कारण गरम पाण्यात वास बसतो. हे मला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत नाही. सोसायटीच्या बागेत बायका मला विचारतात, "मॅडम कधी येतात?" मी म्हणतो, मॅडम संध्याकाळी येतात, तोवर काय असेल ते मला सांगा.

दुसरी खोटी गोष्ट मोठी आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की कॉल संपल्यावर बाहेर आलो. कॉल संपला नव्हता. कावेरी रडायला लागली ते मला पहिल्या मिनिटापासून ऐकू येत होतं. दार लावल्याचा आवाज आला. तुमचा आवाज आला, "उभी राहा तिथं. सगळ्या गावाला बघू दे." मी माइक बंद केला. उठलो नाही. अप्पा, मी छत्तीस वर्षांचा आहे, मला दाढी आहे, आणि तुमचं ते वाक्य ऐकल्यावर माझे पाय खुर्चीला चिकटले. स्क्रीनवर कुणीतरी तक्ता दाखवत होतं, त्यातला आकडा न् आकडा मला आठवतो. वीस मिनिटं. शेवटी खालून गार्डनं इंटरकॉम वाजवला, की चौथ्या मजल्यावर पोरगी रडतेय, समोरचे लोक विचारतात. तेव्हा मी उठलो. मुलीसाठी नाही उठलो. लोक विचारतात म्हणून उठलो.

हे रंजिताला काल सांगितलं.  ती म्हणाली, "मला हे महिन्याभरापूर्वी कळायला हवं होतं." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. तिचं बरोबर आहे.

डॉक्टरबाईंकडेही परत जाऊन खरं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. तुमच्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, मुलीशीही बोला.

मग मी कावेरीसमोर फरशीवर बसलो आणि सांगितलं, "त्या दिवशी तू रडत होतीस, बाबाला ऐकू येत होतं, बाबा आला नाही. बाबा चुकला." तिनं माझ्या नाकावर स्टिकर लावला आणि बिस्कीट मागितलं. तिला किती कळलं माहीत नाही. पण मी ते तोंडानं बोललो. आपल्या घराण्यात हे पहिल्यांदा झालं असावं.

प्लेस्कूलच्या मुख्य बाईंनी बोलावलं होतं. एक कागद पुढं केला. मूल पूर्ण तयार आहे, वर्गात काही झालं तर पालक ताबडतोब येऊन घेऊन जातील, तीनदा झालं तर जागा रद्द, यावर सही करायची. मी विचारलं, झालं तर तोवर ती कुठं बसेल? म्हणाल्या, ऑफिसबाहेर बाकावर. ओल्या कपड्यात? त्या म्हणाल्या, बाकीच्या मुलांनाही समज येते सर. मी पेन खाली ठेवलं आणि उठलो. सही केली नाही, करणार नाही. जागा गेली तर गेली.

हे सगळं तुम्हाला का लिहितो? कारण तुम्ही जे केलंत ते मी बघत बसलो, आणि जे बघत बसलो ते पुन्हा होऊ देणार नाही. याला तुमची संमती नको आहे. तुम्हाला फक्त माहीत असावं.

संग्राम


१७ मे २०२५

अप्पा,

आई इथं आहे. सुखरूप आहे. तुम्हाला सांगून निघाली होती, असं ती म्हणते. तुम्ही बोलला नाहीत म्हणजे हो, असं तिनं धरलं. आयुष्यात पहिल्यांदा एकटी बसमध्ये बसली. सिल्क बोर्डाच्या थांब्याला उतरली तेव्हा हातात एक पिशवी, पिशवीत भाकरी, जवसाची चटणी आणि जुन्या सुती लुगड्याचे फाडून शिवलेले चौकोन, चोवीस. "तुमच्या प्लास्टिकवर पोरीला घाम येत असंल," म्हणाली.

आल्यापासून तिनं कावेरीला एकदाही विचारलेलं नाही की लागली का. सकाळच्या न्याहारीनंतर ती बाथरूमच्या दाराबाहेर फतकल मारते आणि भाजी निवडते. आत पॉटी, बाहेर आजी. कावेरी येते, बसते, उठते, मेथीची काडी घेते, परत बसते. गजर मी बंद करून टाकला. चार दिवस काहीच नाही झालं. म्हणजे शू झाली, स्वयंपाकघरात, माझ्या चपलेत, आणि रंजिताचा साहेब व्हिडिओवर असताना त्याच्यासमोर उभ्याउभ्या. रंजिता त्याला म्हणाली, एक मिनिट सर, पूर आलाय.

गेल्या मंगळवारी मी कुकर लावत होतो, आई आंघोळीला गेली होती. बेल वाजली. पार्सलवाला होता. मी दार उघडून सही करतोय तोवर मागून घासत घासत काहीतरी ओढल्याचा आवाज आला. कावेरी, अंगावर फक्त फ्रॉक, बदक ओढत आणत होती. बदकात शी. तिनं ते पार्सलवाल्याच्या पायाशी आणून ठेवलं आणि म्हणाली, "कावेरीनं केली." मला वाटलं आता हा माणूस तोंड वाकडं करणार. त्यानं हेल्मेट काढलं, वाकून नीट बघितलं, म्हणाला, "सूपर, पापू," आणि मला म्हणाला, "सर, सही राहिली." मी तिथंच दारात खाली बसलो. आई ओल्या केसांनी बाहेर आली, तिनंही येऊन बघितलं. रंजिताला फोटो पाठवला. तिनं तो कामावर कुणाकुणाला दाखवला ते विचारू नका. त्या संध्याकाळी ती माझ्याशी जेवताना बोलली. कामाशिवायचं, दोन आठवड्यांतलं पहिलं.

दुसऱ्या दिवशी परत पडद्यामागं गेली. हेही लिहितो, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं सोपं झालं. दोन दिवस पडदा, एक दिवस बदक, असं चाललंय.

आता आईशी झालेलं बोलणं लिहितो, कारण ती तुम्हाला सांगणार नाही.

काल दुपारी ती चौकोन घड्या करत होती. मी सहज म्हणालो, मला आठव्या वर्षापर्यंत अंथरुणात होत होतं ना गं. ती म्हणाली, नवव्या. अप्पा, तुम्हाला आठवत असेल. ओली गोधडी माझ्या डोक्यावर देऊन तुम्ही मला गल्लीच्या टोकाच्या नळावर पाठवायचा. शाळेच्या वेळेला, पोरं निघायची तेव्हाच. चंद्रकांतच्या ओट्यासमोरून जावं लागायचं, तो माझ्या वर्गात होता. तुम्ही मारलं कधीच नाहीत. ते मी जन्मभर लोकांना अभिमानानं सांगितलं, आमच्या वडिलांनी कधी हात उगारला नाही.

नववं सरलं आणि थांबलं. तुम्ही म्हणायचात, बघा, कशी शिस्त लागली. कशी लागली ते सांगतो. मी दुपारी चारनंतर पाणी प्यायचं सोडलं. हळूहळू दिवसाचंही. दहावीच्या परीक्षेला सकाळपासून एक घोट घेत नव्हतो. कॉलेजात, ऑफिसात तेच, कारण मागं माणूस उभा असेल तर मला आजही होत नाही. सव्विसाव्या वर्षी मुतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही दवाखान्यात आठ दिवस माझ्या उशाला बसला होता. डॉक्टरनी तुमच्यासमोर विचारलं, पाणी इतकं कमी का पितोस? मी म्हणालो, सवय. तुम्ही मान हलवलीत, आजकालच्या पोरांना काळजी नाही म्हणून.

आई ऐकत होती. ती म्हणाली, "तू गोधडी घेऊन जायचास तवा मी दाराआड उभी असायची. तुझी पाठ दिसेनाशी होईस्तोवर."

मी विचारलं, मग कधी काही बोलली का नाहीस?

"तवा बोलले नाही," ती म्हणाली, "म्हणून आता बस धरली."

आई, तुम्ही आणि मी. एकानं शिक्षा केली, दोघं दाराआड उभे राहिले. तिनं तिचं फेडायला घेतलंय. मी माझं. तुमचं तुम्ही बघा.

आई कधी परत येणार ते तिनं ठरवायचं आहे. मी विचारणार नाही, तुम्हीही मला विचारू नका.

संग्राम


५ जून २०२५

अप्पा,

तुमचं अंतर्देशीय पत्र ३० तारखेला मिळालं. चार ओळी आहेत. त्या मी इतक्या वेळा वाचल्या की घडीवर कागद फाटला. 'पत्रे मिळाली. मुतखड्याचे कारण तू कधी सांगितले नव्हतेस. पाणी पीत जा. आम्हाला आमच्या वडिलांनी याहून वाईट केले, पण आम्ही तक्रार केली नाही.'

पहिल्या तीन ओळींबद्दल मी तुम्हाला मनापासून नमस्कार करतो. चौथी परत पाठवतो. तुमच्याबरोबर वाईट झालं, हे मला आजवर माहीत नव्हतं, आणि ऐकून मला वाईट वाटलं. कधी सांगावंसं वाटलं तर मी पूर्ण ऐकेन. पण ते कावेरीच्या बाल्कनीचं उत्तर होत नाही. तक्रार केली नाही हे तुम्ही मोठेपणानं लिहिलंय. करायला हवी होती. तुम्ही केली असतीत तर कदाचित मला करावी लागली नसती.

इथली हकीकत. त्या प्लेस्कूलनं जागा रद्द केली. मागच्या गल्लीत श्यामला मॅडम म्हणून एक बाई घरच्या अंगणात बारा मुलं सांभाळतात. मी गेल्या गेल्या सांगून टाकलं, हिला अजून कधी कधी होतं, शी धरते, कुणी रागावलेलं मला चालणार नाही. दम दिल्यासारखंच बोललो असेन. त्या म्हणाल्या, "दोन जोडी कपडे पाठवा आणि स्वल्प शांत व्हा." सोमवारपासून जाते. पहिल्या दिवशी दोन्ही जोड्या ओल्या आल्या. काल एक आली. आज पिशवी उघडली तर दोन्ही जोड्या जशा घडी घालून दिल्या तशाच होत्या. उद्याचं उद्या.

परवाचं, म्हणजे तुमचा फोन आला तेव्हाचं लिहितो. आईच्या मोबाइलवर तुमचं नाव बघून तिनं तो माझ्या हातात दिला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तुमचा आवाज ऐकला. तुम्ही मला काही बोलला नाहीत. "कावेरी आहे का," एवढंच विचारलंत. मी विचार केला. खरं सांगतो, फोन ठेवणार होतो. मग मी तिला विचारलं, आज्जाशी बोलायचंय का? नाही म्हणाली असती तर तुम्हाला तसं सांगितलं असतं. ती त्या वेळी बदकावर बसलेली होती. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "बाबा, तू बाहेर जा. दार लाव." आजवर ती दार लावू देत नव्हती, उघडंच हवं असायचं.

मी दार ओढून घेतलं आणि आईशेजारी फरशीवर बसलो. आतून तिचा आवाज येत होता, तुमचा नाही. ती म्हणाली, हो. मग म्हणाली, बदक पिवळं आहे. मग बराच वेळ काही नाही. आई माझ्याकडे बघत नव्हती. मग परत म्हणाली, हो.

झाल्यावर तिनं मला हाक मारली. शी झाली होती. धुऊन चड्डी घालताना मी विचारलं, आज्जा काय म्हणाला? ती म्हणाली, "आज्जा म्हणाला, सावकाश."

तुम्ही आणखी काय म्हणालात ते मी खोदून विचारलं नाही. चुकलो म्हणालात की नाही, मला माहीत नाही. ते तुमच्या दोघांतलं आहे. मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. मला वेळ लागणार आहे आणि मी तो घेणार आहे. पण तो एक शब्द मी रंजिताला सांगितला. तिनं भांडी लावता लावता विचारलं, "खरंच असं म्हणाले?" आणि मग बराच वेळ एकच ताट पुसत राहिली.

तुम्ही १३ तारखेला आईला न्यायला येताय, असं तुम्ही तिला सांगितलंय. आई तुमच्याबरोबर परत जाईल की नाही ते तुम्ही तिलाच समोर बसून विचारा. तुम्ही या. रंजितालाही चालणार आहे. तुमचं अंथरूण हॉलमध्ये घालू. त्यावर कावेरी कधीही शू करू शकते, तेव्हा काय करायचं ते मी तुम्हाला दाखवीन, अवघड नाही. घरात तुम्ही आणि ती, दोघंच, असं या खेपेला होणार नाही. हे मी रंजिताच्या नावावर ढकलत नाही. हे माझं म्हणणं आहे.

बस साडेसातच्या सुमाराला सिल्क बोर्डाला येते. मी घ्यायला येणार नाही. त्या वेळी कावेरीला उठवून, बसवून, धुऊन, डबा भरून शाळेत सोडायचं असतं, आणि ते काम माझं आहे. ऑटो करा, पत्ता तुम्हाला पाठ आहे. आई दार उघडेल. मी बाथरूमच्या बाहेर असेन. थोडं थांबावं लागेल.

तुमचा,
संग्राम